सत्तावीस किलोडाल्टन

पहाटे ५:१५

आषाढातला पाऊस रात्रभर कौलांवर वाजत होता. उठल्यावर आधी फोन बघते. प्रयोगशाळेतला शेकर मध्येच थांबला तर फोनवर संदेश येतो. काल संध्याकाळी निघताना जिवाणूंचं छोटं कल्चर ३० अंशांवर हलत ठेवून आले होते. वीज जाऊन शेकर बंद पडला की पेशी तळाला बसतात आणि आजचं काम उद्यावर जातं. आज संदेश नाही.

आमचं मुठा गाव मुळशी तालुक्यात, टेमघर धरणाच्या खालच्या अंगाला आहे. सध्या भातलावणी चालू आहे. आण्णा कधीच खाचरात गेलेत, आई चुलीपाशी भाकऱ्या थापतेय. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी आणि कांदा बांधून घेते. आईला माझ्या कामाबद्दल एवढं पक्कं ठाऊक आहे, की मी कॅन्सरच्या औषधासाठी प्रथिनं तयार करते आणि ती उबेत खराब होतात. गावात कुणी विचारलं की ती तेवढंच सांगते. तेवढंच बरोबरही आहे.

सकाळी ६:३०

रेनकोट चढवून गाडी काढते. मुठ्याहून घाट चढून उरवडे आणि तिथून पिरंगुट. लवासाला जाणाऱ्या मोटारी उलट्या दिशेने येतात, पण इतक्या सकाळी रस्ता दूधवाल्यांचा आणि कंपनीच्या पहिल्या पाळीला निघालेल्या पोरापोरींचा असतो.

मुळशी म्हटलं की लोकांना धरण, भात आणि सुट्टीतले बंगले आठवतात. पण नांद्याला ल्युपिनचं मोठं संशोधन केंद्र आहे, घोटावड्याला त्यांचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे. हिंजवडीही याच तालुक्यातली, आणि देशातली पहिली एमआरएनए लस करणारी जेनोव्हा कंपनी तिथलीच. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घसरतात तेव्हा फिलग्रास्टिमचं इंजेक्शन देतात. ते साधारण १९ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाचं प्रथिन ई. कोलाय या जिवाणूकडून करून घेतलं जातं, आणि ल्युपिननेही ते बाजारात आणलंय. माणसाच्या उपयोगाचं छोटं प्रथिन जिवाणूत घडवणं या तालुक्याला नवं नाही. ज्यांच्या घरात केमो झाली आहे, त्यांनी या तंत्राचा लाभ बहुधा घेतलेलाही असेल.

आमची प्रयोगशाळा त्या मानाने फार लहान. पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात भाड्याच्या एका मजल्यावर, आम्ही मोजकी माणसं.

सकाळी ७:३०

कल्चर छान गढूळ झालंय. एक लिटर माध्यमात त्यातलं दहा मिलिलिटर टाकायचं. त्याआधी माध्यमात कॅनामायसिन घालायचं, म्हणजे आपलं जनुक ज्यांच्यात आहे तेच जिवाणू वाढतील, बाकीचे मरतील. बर्नरच्या ज्योतीजवळ हात चालतात.

कॅनामायसिन १९५७ साली जपानच्या हामाओ उमेझावा यांनी मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जिवाणूतून काढलं. पुढे १९६६ मध्ये त्यांनीच स्ट्रेप्टोमायसीसच्या दुसऱ्या जातीतून ब्लिओमायसिन काढलं. ते आजही हॉजकिन्स लिम्फोमा आणि वृषणाच्या कर्करोगात वापरतात. एकाच घराण्यातल्या जिवाणूंनी जंतूंवरची औषधं दिली आणि गाठींवरचीही. त्याआधी १९४० मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲक्टिनोमायसिन सापडलं होतं. लहान मुलांच्या मूत्रपिंडातल्या विल्म्स ट्यूमरवर ते अजून दिलं जातं. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो याच जिवाणूंनी सोडलेल्या जिओस्मिनचा. आमच्या खाचरांतही ते कोट्यवधींनी आहेत.

पुणे जिल्ह्याला याची परंपरा आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पेनिसिलिन करता करता तिथल्या शास्त्रज्ञांनी मातीचे नमुने तपासायला घेतले, आणि १९६१ मध्ये एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं. ज्या जिवाणूतून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. आपल्या जिल्ह्यातल्या गावाच्या मातीतल्या जिवाणूला त्या गावाचं नाव मिळावं आणि त्यातून औषध निघावं, याचा मला फार अभिमान वाटतो. तितकंच वाईटही वाटतं, कारण पिंपरीच्या त्या कामाबद्दल आमच्याकडे येणाऱ्या बायोटेक्नॉलॉजीच्या पदवीधरांना काहीही सांगितलेलं नसतं.

फ्लास्क शेकरमध्ये. आता तीन तास.

सकाळी ९:००

बैठक. आमचे सर, मी, लातूरकडचा एक मुलगा आणि पेशींचं काम सांभाळणाऱ्या ताई. रसायनांची मागणी, नायट्रोजनचा सिलिंडर, कुणाचं काय अडलंय. अर्ध्या तासात उरकते.

सकाळी ९:४५

थांबण्याच्या वेळेत वही लिहायची. तोवर आम्ही नेमकं काय करतोय ते सांगते.

१९६५ मध्ये जपानी संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसीस कार्झिनोस्टॅटिकस या जिवाणूतून निओकार्झिनोस्टॅटिन वेगळं केलं. बहुतेक प्रतिजैविकं हे छोटे रासायनिक रेणू असतात. हे तसं नाही. यात ११३ अमिनो आम्लांचं एक प्रथिन आहे आणि त्याच्या पोटातल्या खाचेत क्रोमोफोर नावाचा लहानसा रेणू बसलेला आहे. मारण्याचं काम क्रोमोफोर करतो. पेशीच्या केंद्रकात शिरला की तो डीएनएच्या साखळीतल्या शर्करेचा हायड्रोजन खेचून घेतो आणि धागे तोडतो. पण तो भलताच नाजूक आहे. उजेडात टिकत नाही, उष्णतेत टिकत नाही. साळीवरचं तूस जसं आतला दाणा सांभाळतं तसं प्रथिन त्याला सांभाळतं.

याच कुळातलं लिडामायसिन, म्हणजे सी-१०२७, त्याहून जहाल आहे. बीजिंगमध्ये झेन योंगसू यांच्या गटाने त्यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांनी एक गोष्ट नेमकी हेरली: लिडामायसिनचं प्रथिन आणि क्रोमोफोर एकमेकांपासून सोडवता येतात आणि परत जोडताही येतात. मग प्रथिनाचं जनुक घ्यायचं, त्याला प्रतिपिंडाच्या एका छोट्या तुकड्याचं जनुक जोडायचं, ते जोडप्रथिन ई. कोलायमध्ये बनवायचं, आणि शेवटी त्यात क्रोमोफोर बसवायचा. प्रतिपिंडाचा तुकडा गाठीच्या पेशी ओळखतो, उरलेला भाग दारूगोळा नेतो. क्रोमोफोर मात्र ई. कोलायला करता येत नाही. त्यासाठी स्ट्रेप्टोमायसीसमधल्या जनुकांची मोठी रांगच लागते, म्हणून तो मूळ जिवाणूतूनच काढावा लागतो.

आम्ही याच वाटेच्या पहिल्या टप्प्यावर आहोत. निओकार्झिनोस्टॅटिनचं रिकामं प्रथिन आणि काही स्तनकर्करोगांच्या पेशींवरच्या हर-२ या खुणेला चिकटणारी नॅनोबॉडी, म्हणजे प्रतिपिंडाचा अगदी छोटा तुकडा, असं जोडप्रथिन करतोय. क्रोमोफोरला अजून हात लावलेला नाही. आधी रिकामं प्रथिन नीट घडी घेऊन तयार व्हायला हवं आणि योग्य पेशीलाच चिकटायला हवं. ते जमल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही, आणि घाई करणाऱ्या प्रयोगशाळांचे पैसे इथेच वाया जातात असं माझं मत आहे.

सकाळी १०:४५

फ्लास्कचं शोषणमापन केलं: ०.६. हवं तेवढंच. आता आयपीटीजीचे थेंब टाकायचे. त्याने जनुकावरचा दाब उठतो आणि जिवाणू आपलं प्रथिन बनवायला लागतो. तापमान १८ अंशांवर उतरवायचं, कारण प्रथिन सावकाश तयार झालं तर घडी नीट पडते. आता हा फ्लास्क उद्या सकाळपर्यंत हलत राहील.

आजचं शुद्धीकरण मागच्या खेपेच्या पेशींचं. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधून त्यांचा गोळा काढून बर्फात ठेवते.

सकाळी ११:१५

पेशी फोडायच्या. सोनिकेटरची सळई बुडवून दहा सेकंद आवाज, वीस सेकंद विश्रांती, पुन्हा दहा सेकंद. कानांवर मफ लावले तरी तो किर्र आवाज दातांत जाणवतो. नळी पूर्णवेळ बर्फात. मधली विश्रांती चुकवली तर सळईच्या उष्णतेने प्रथिन जागीच साकळतं.

मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४ अंशांवर अर्धा तास. आमच्या प्रथिनाचा खरा निकाल इथे लागतो. निओकार्झिनोस्टॅटिनच्या प्रथिनात गंधकाचे दोन पूल आहेत, नॅनोबॉडीत एक. साध्या ई. कोलायच्या पेशीत असे पूल जुळत नाहीत. प्रथिन गुंता होऊन गाळात बसतं. म्हणून आम्ही शफल नावाची खास जात वापरतो, जिच्या पेशीत हे पूल तयार होऊ शकतात. तिला वाढायला वेळ लागतो, पण नळीच्या तळाशी गाळ कमी आणि वरचं पाणी जास्त कामाचं मिळतं. आज वरचं पाणी किंचित पिवळसर आणि नितळ आहे.

दुपारी १:००

डबे उघडतात. ताईंकडची कारळ्याची चटणी सगळ्यांना लागते. जेवताना चर्चा रोज एकाच गोष्टीवर येते: आकार.

पूर्ण प्रतिपिंडाचं वजन सुमारे १५० किलोडाल्टन. ट्रास्टुझुमॅब तसंच, १९९८ पासून हर-२ असलेल्या स्तनकर्करोगावर वापरतात आणि त्याने खूप बायकांचं आयुष्य वाढवलंय. त्याला विषारी रेणू जोडून केलेली औषधंही आहेत. टेक्सासच्या चुनखडी मातीतल्या जिवाणूतून मिळालेलं कॅलिचिअमायसिन हे आमच्या क्रोमोफोरचं नातेवाईकच. ते प्रतिपिंडाला जोडून केलेलं मायलोटार्ग २००० साली अमेरिकेत मंजूर झालं. अशा जोडऔषधांपैकी ते पहिलं. २०१० मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं आणि मात्रा बदलून २०१७ मध्ये परत आलं. ते रक्ताच्या कर्करोगाचं औषध आहे. रक्तातल्या पेशीपर्यंत पोचणं तुलनेने सोपं, कारण औषध आणि पेशी दोघंही प्रवाहातच असतात.

घट्ट गाठीचं तसं नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. लसिकावाहिन्या धड काम करत नाहीत, त्यामुळे आत द्रवाचा दाब वाढतो आणि बाहेरून येणाऱ्या रेणूला आत ढकलणारं काही उरत नाही. हार्वर्डमधले राकेश जैन यांनी आयुष्यभर याच दाबाचा अभ्यास केला. मोठा रेणू वाहिनीच्या काठावरच्या पेशींना भेटतो आणि तिथेच अडकतो. चिकटण्याची ताकद जितकी जास्त तितका तो पहिल्याच रांगेत खपतो. गाठीच्या गाभ्यातल्या पेशींपर्यंत औषध पोचतच नाही, आणि रोग परत उलटतो तो बहुधा अशाच वाचलेल्या पेशींतून.

म्हणून छोटे रेणू. प्रतिपिंडाची दोन टोकं जोडून केलेला एकसाखळी तुकडा साधारण २७ किलोडाल्टनचा असतो. १९९३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना उंटाच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडली ज्यांना हलकी साखळीच नसते. त्यांचं एकटं टोक म्हणजे नॅनोबॉडी, जेमतेम १५ किलोडाल्टन. निओकार्झिनोस्टॅटिनचं प्रथिन ११ किलोडाल्टन. मधला दुवा आणि शुद्धीकरणासाठी लावलेली हिस्टिडिनची शेपटी धरून आमचं सगळं जोडप्रथिन सुमारे २७ किलोडाल्टनचं होतं. प्रतिपिंडाच्या पाचव्या हिश्शाहून कमी.

लातूरचा मुलगा रोज एकच शंका काढतो आणि ती अगदी रास्त आहे. ६० किलोडाल्टनच्या आतलं प्रथिन मूत्रपिंडं झपाट्याने गाळून टाकतात. पूर्ण प्रतिपिंड रक्तात आठवडे टिकतं, आपलं काही तासांतच लघवीवाटे जाणार. गाठीत शिरायला लहान हवं, टिकायला मोठं हवं.

जपानच्या हिरोशी माएदा यांनी यावर उलट्या बाजूने उत्तर काढलं. त्यांनी निओकार्झिनोस्टॅटिनला एक पॉलिमर जोडून ते मोठं केलं, म्हणजे ते रक्तात टिकेल आणि गळक्या वाहिन्यांतून गाठीत साठेल. स्मॅन्क्स नावाचं ते औषध १९९३ मध्ये जपानमध्ये यकृताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. यकृताच्या धमनीत तेलातून थेट सोडायचं. तेव्हा मोठं करूनही यश मिळालंय, हे मान्य करायला हवं.

माझं मत तरीही लहानाच्या बाजूने आहे. काही तासांत जे शरीराबाहेर पडतं, त्याचं विष यकृतावर आणि अस्थिमज्जेवर दिवसचे दिवस रेंगाळत नाही. गरज पडली तर रक्तातल्या अल्ब्युमिनला हलकेच धरणारा छोटा तुकडा जोडून मुक्काम थोडा वाढवता येतो. पण गाठीच्या आत न पोचणाऱ्या रेणूला आत नेण्याची खात्रीशीर युक्ती अजून कुणाकडे नाही. सर म्हणतात, मूत्रपिंडातही विष साठू शकतं, ते उंदरांत बघितल्याशिवाय बोलू नकोस. तेही खरं. यावर आमचं एकमत झालेलं नाही आणि व्हायची घाईही नाही.

दुपारी २:१५

शीतगृहात. ४ अंश, अंगावर स्वेटर. बाहेर आषाढ आणि आत माघ म्हणावा असा गारवा. निकेलचे मणी भरलेल्या स्तंभातून पेशींचं पाणी थेंबथेंब सोडायचं. आमच्या प्रथिनाच्या शेपटीतले हिस्टिडिन निकेलला धरून बसतात, बाकीची हजारो प्रथिनं वाहून जातात. मग इमिडॅझोलचं प्रमाण वाढवत न्यायचं आणि शेवटी २५० मिलिमोलरला प्रथिन सुटून खाली येतं. छोट्या नळ्या ओळीने भरायच्या. प्रत्येकीतला एक थेंब ब्रॅडफर्डच्या तपकिरी द्रावणात टाकला की प्रथिन असलेल्या नळीचा थेंब निळा होतो. तिसऱ्या नळीपासून सहावीपर्यंत दाट निळा.

निळा रंग एवढंच सांगतो की प्रथिन आहे. आपलंच आहे का, हे तो सांगत नाही.

दुपारी ३:३०

जेल. १५ टक्के ॲक्रिलामाइडची पातळ वडी, तिच्या खाचांत नमुने. वीज सोडली की प्रथिनं आकाराप्रमाणे खाली सरकतात: लहान पुढे, मोठी मागे. तासभर लागतो, मग रंगवणं आणि धुणं.

संध्याकाळी ५:१५

दिव्यावर जेल ठेवली आणि आम्ही तिघं वाकलो. पहिल्या ओळीत मापाचे पट्टे. दुसऱ्या ओळीत फोडलेल्या पेशींचं सगळं पाणी, वरपासून खालपर्यंत निळी दाटी. तिसरी, स्तंभातून वाहून गेलेलं. आणि मग आमच्या नळ्या: जवळजवळ कोरी ओळ, आणि २५ च्या पट्ट्याच्या किंचित वर एकच जाड, सरळ, गडद पट्टा.

हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्यालाही या पट्ट्याचा आनंद तितकाच होतो. संगणकावर लिहिलेली अक्षरं, त्यांवरून बनवलेलं जनुक, ते वाचून एका जिवाणूने घडवलेली वस्तू, आणि ती ठरल्या मापाची निघाली. माणसाने पूर्वी न केलेलं प्रथिन डोळ्यांसमोर असतं.

खाली १५ च्या जवळ एक फिकट रेघही आहे. म्हणजे पेशीतल्या कुठल्या तरी विकराने मधला दुवा कापून थोडी नॅनोबॉडी सुटी केलीय. हिचा बंदोबस्त करावा लागेल, कारण सुटी नॅनोबॉडी पेशीवरची जागा अडवते आणि दारूगोळा नेणाऱ्याला बसायला जागा उरत नाही. दुवा आखूड करून बघायचं ठरलं. म्हणजे जनुक बदलणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

संध्याकाळी ५:४५

ताईंनी पेशींच्या खोलीत बोलावलं. मागच्या खेपेचं प्रथिन चमकणाऱ्या हिरव्या रंगाने खुणावून त्यांनी दोन प्रकारच्या पेशींवर सोडलं होतं. एसके-बीआर-३ पेशींवर हर-२ भरपूर, एमडीए-एमबी-२३१ वर अगदी थोडं. दोन्ही पेशी १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या दोन रुग्ण स्त्रियांकडून घेतलेल्या, आणि आजही जगभर वाढतायत. आपल्याकडे अशा पेशी पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून मिळतात.

सूक्ष्मदर्शकात पहिल्या पेशींच्या कडेने हिरवी कडी, दुसऱ्या जवळपास काळ्या. चिकटतंय, आणि हवं तिथेच.

पेशी बशीत वाढवण्याचं हे तंत्र भारतात रुजवणारी बाई पुण्याची होती, हे मी ताईंच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते. कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. जन्म १९१७ चा, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात वसंतराव खानोलकरांकडे त्यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट पूर्ण केली. मग जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या, त्याच गाय यांच्याकडे ज्यांच्या प्रयोगशाळेत हेला पेशी पहिल्यांदा वाढल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्यांनी उंदरांच्या जातींत तपासला. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतही त्या पुढे होत्या, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ज्या काळात परदेशी नोकरीचं दार उघडं होतं त्या काळात ही बाई परत येऊन रिकाम्या खोलीत इनक्युबेटर मांडत होती. आमच्या बशीतल्या पेशी तिच्याच वाटेने इथवर आल्यात.

संध्याकाळी ६:३०

आवराआवर. जनुक बदललेला एकही जिवाणू खोलीबाहेर जाता कामा नये. वापरलेलं प्रत्येक माध्यम, बशी, टोकं १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह होऊनच कचऱ्यात जातात. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली यासाठी नियम झाले, आणि त्यानुसार प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असते. मुठा नदीचं पाणी खडकवासल्याला जातं आणि तिथून पुणेकरांच्या नळाला. या खोऱ्यात राहून असं काम करणाऱ्याला हे नियम कुणी वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

वहीत आजची नोंद: पट्टा, फिकट रेघ, हिरवी कडी. पुढचा रस्ता लांब आहे. दुवा बदलायचा, क्रोमोफोर अंधुक उजेडात आणि थंडीत बसवायचा, पेशी मरतात का बघायचं, मग उंदीर, मग परवानग्या, मग माणसांतल्या चाचण्या. पण मुंबईकडे बघितलं की धीर येतो. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा स्मारकच्या डॉक्टरांबरोबर नेक्सकार१९ ही पेशी-उपचारपद्धत तयार केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींनी ती देशाला अर्पण केली. त्यात रुग्णाच्या टी-पेशीवर जो आकडा बसवतात तो प्रतिपिंडाचा एकसाखळी तुकडाच आहे. छोट्या तुकड्यांवर भरवसा ठेवून महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंत जाता येतं, हे आता सिद्ध झालंय.

रात्री ८:१५

घरी पोचते तर ओटीवर शेजारच्या काकू बसलेल्या. लावणीच्या बाया गेल्या, आता त्या आईशी बोलतायत. मला बघून म्हणाल्या, "तुझं ते औषध कधी यायचं गं?"

खोटं सांगवत नाही. "काकू, लई वर्षं लागतील. आणि लागूही पडणार नाही कदाचित."

मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं, की वरच्या वाडीतल्या एकीच्या छातीत गाठ आहे, दुखत नाही म्हणून तिने कुणाला दाखवली नाही, आणि लावणी उरकल्यावर बघू म्हणते.

दुखत नाही, हेच तर कारण दाखवायचं. मी काकूंना म्हटलं, उद्या सकाळी मी तिच्याकडे येते, तुम्हीही चला. काकू हो म्हणाल्या.

आमच्या २७ किलोडाल्टनच्या प्रथिनाची सगळी धडपड मोठ्या गाठीच्या गाभ्यात शिरण्याची आहे. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रिया आणि आज मिळणारी औषधं पुष्कळदा पुरतात. टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखांहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी करत होत्या, यंत्र कुठलंही नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.

तेव्हा हे वाचणाऱ्या बायांनो, आणि ज्यांच्या घरात आई, बहीण, बायको, सून आहे अशा सगळ्यांनो, हाताला गाठ लागली तर लावणीसाठी थांबू नका, सणासाठी थांबू नका, आणि आमच्या औषधासाठी तर मुळीच थांबू नका. याच आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा.